पीएल/एसक्यूएलचं पुस्तक घेताय? आवृत्ती निवडताना या चुका टाळा

ओरॅकल डेटाबेसवर पीएल/एसक्यूएल ही त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय, पुस्तक सांगा, असं विचारलं की बहुतेक जण एकच नाव घेतात: स्टीव्हन फॉयरस्टीन यांचं ‘ओरॅकल पीएल/एसक्यूएल प्रोग्रॅमिंग’. नाव बरोबर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९९५ची, पाचवी २००९ची, सहावी २०१४ची. पाचवी ओरॅकल ११जी रिलीज २ पर्यंत येते, सहावी १२सीपर्यंत (१०जी, ११जी, १२सी, १९सी, २३एआय ही ओरॅकलची एकामागून एक आलेली व्हर्जन). पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर यातली कुठलीही हाती लागू शकते, आणि वरवर चाळून फरक कळत नाही.

सर्व्हर न बघता पुस्तक घेणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आधी सर्व्हरवर ओरॅकलचं कुठलं व्हर्जन आहे ते बघायला व्ही$व्हर्जन या व्ह्यूवर सिलेक्ट मारा आणि समोर काय येतंय ते लिहून घ्या. तेवढी परवानगी नसेल तर प्रॉडक्ट_कंपोनंट_व्हर्जनवर मारा. एसक्यूएल-प्लस हे ओरॅकलचं कमांड द्यायचं टूल उघडल्यावर सगळ्यात वर जो आकडा दिसतो, तो तुमच्या मशीनवरच्या क्लायंटचा असतो. सर्व्हरचा आकडा त्याच्या खाली, ‘कनेक्टेड टू’ या शब्दांनंतर येतो. क्लायंट १९सीचा आणि सर्व्हर अजून ११जीवर, असा प्रकार जुन्या कंपन्यांत सर्रास दिसतो. वरचा आकडा बघून पुस्तक मागवलं की फसलात.

‘नवीन तेच चांगलं’ समजणं

सर्व्हरपेक्षा पुस्तक नवं असेल तर निदान एरर तरी येते. १२सीवर बेतलेल्या पुस्तकातलं ‘फेच फर्स्ट’ (पहिल्या ठरावीक ओळीच काढणं) ११जीवर चालवा, ओआरए-००९३३ ही एरर तोंडावर येईल. ‘ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स’ (टेबल असेल तरच काढणं) २३एआयमध्ये चालतं, १९सीच्या मूळ सर्व्हरवर तीच एरर देतं. सीक्वेन्सचं (क्रमाने आकडे देणाऱ्या सोयीचं) नेक्स्टव्हॅल, म्हणजे पुढचा आकडा, थेट व्हेरिएबलला देणं ११जीपासून चालू झालं. १०जीवर ते पीएलएस-००३५७ म्हणून अडतं. नवशिक्या अशा वेळी तासभर अर्धविराम शोधत बसतो. अर्धविरामाचा काही दोष नसतो.

उलट बाजू जास्त फसवी आहे. जुन्या पुस्तकातला कोड नव्या सर्व्हरवर बहुतेक वेळा चालतोच, म्हणून कोणी तक्रार करत नाही. ऑटो नंबरसाठी सीक्वेन्स आणि त्यावर ट्रिगर (आपोआप चालणारा कोड) लिहिणं १२सीपर्यंत भागच होतं. आता नंबर स्वतःच भरणारा आयडेंटिटी कॉलम आहे, तरी जुनं पुस्तक वाचून आलेला मुलगा आजही इमानेइतबारे ट्रिगर लिहितो.

त्यातलंच रोनमचं, म्हणजे निवडलेल्या ओळीला ओरॅकल देतं त्या क्रमांकाचं प्रकरण. सगळ्यांना पाठ असलेल्या ईएमपी या सरावाच्या टेबलमधून सर्वाधिक पगाराचे तिघं काढायचेत. जुन्या पुस्तकात आतल्या क्वेरीत ऑर्डर बाय आणि बाहेर रोनम, अशी दोन थरांची रचना दिलेली असते. घाईत आतला थर गाळून ‘रोनम तीनपर्यंत’ आणि ‘ऑर्डर बाय पगार’ (उतरत्या क्रमाने) एकाच क्वेरीत लिहिलं, तर आधी हाताला लागलेल्या तीन ओळी उचलल्या जातात आणि मग त्यांचाच क्रम लावला जातो. सहसा ॲलन १६००, वॉर्ड १२५०, स्मिथ ८०० असं उत्तर येतं. ५००० पगाराचा किंग त्यात नाहीच, आणि एररही नाही. सर्व्हर १२सी किंवा पुढचा असेल तर ‘फेच फर्स्ट’ शिकवणारं पुस्तक घ्या, ही भानगडच उरत नाही.

पहिल्याच दिवशी यूजर तयार होत नाही

घरी ओरॅकलची फुकट आवृत्ती टाकून जुनं पुस्तक उघडणाऱ्यांची ही हमखास अडचण. पुस्तकातल्याप्रमाणे ‘क्रिएट यूजर’ दिलं की ओआरए-६५०९६ येते. १२सीपासून ओरॅकलमध्ये कंटेनर आणि त्यात प्लगेबल डेटाबेस अशी मांडणी आली. तुम्ही वरच्या कंटेनरमध्ये उभे असता, आणि तिथे यूजरचं नाव ‘सी##’ने सुरू व्हावं लागतं. उपाय सोपा आहे: ‘ऑल्टर सेशन सेट कंटेनर’ देऊन आतल्या डेटाबेसमध्ये जा, मग यूजर बनवा. १८सी आणि २१सी एक्सप्रेसमध्ये त्याचं नाव एक्सईपीडीबी१, २३एआय फ्रीमध्ये फ्रीपीडीबी१. अंडरस्कोर ओरॅकल_स्क्रिप्ट हा छुपा पॅरामीटर ट्रू करून टाका, असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तो ऐकू नका. तो ओरॅकलच्या स्वतःच्या स्क्रिप्टसाठी आहे, आणि त्याने तुमचा यूजर भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

आतल्या पानावरचं साल चुकीचं वाचणं

भारतात ओ’रायलीची पुस्तकं श्रॉफ पब्लिशर्सच्या स्वस्त छपाईत मिळतात. छपाई ठीक असते, पण आतल्या पानावर रीप्रिंटचं साल वेगळं असू शकतं. ते बघून पुस्तक ताजं समजू नका. कॉपीराइटचं साल आणि मुखपृष्ठावर ओरॅकलच्या कुठल्या व्हर्जनपर्यंतचं म्हटलंय, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या.

जुनी आवृत्ती रद्दीत घालणं

हे मला अजिबात पटत नाही. ब्लॉक, कर्सर, एक्सेप्शन, पॅकेज, बल्क कलेक्ट ही प्रकरणं पाचव्या आवृत्तीतही तितकीच कामाची आहेत. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या. इन्स्टॉलेशन, टूल्स, यूजर आणि सिक्युरिटी यांवरचे भाग मात्र शिळे धरून चाला. आयएसक्यूएल-प्लस (ब्राउझरमधलं एसक्यूएल-प्लस) उघडा, असं लिहिलेलं दिसलं तर ती खूणगाठ: ते टूल ११जीतच काढून टाकलं.

एक अपवाद लक्षात ठेवा. पुस्तक आणि सर्व्हर दोन्ही १२सीचे असूनही ३२७६७ बाइटचा व्हारचार२ (मजकुराचा) कॉलम बनत नाही, ओआरए-००९१० येते. पुस्तक बरोबर असतं. मॅक्स_स्ट्रिंग_साइज हा पॅरामीटर मुळात स्टँडर्डवर असतो. तो बदलायचा तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सांगा, स्वतः हात लावू नका, कारण एकदा एक्स्टेंडेड केला की मागे फिरता येत नाही.

१९सीवर काम आहे, मग सहावी घ्यायची का?

घ्या. १२सीनंतरचा फरक ओरॅकलच्या फुकट डॉक्युमेंटेशनमधून भरून निघतो: तुमच्या व्हर्जनचा पीएल/एसक्यूएल लँग्वेज रेफरन्स उघडा, सुरुवातीलाच ‘या रिलीजमधले बदल’ असं प्रकरण आहे. ओरॅकलच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी घेत असाल तर आधी परीक्षेचा कोड बघा. १झेड०-१४४ ही ११जीवरची होती, १झेड०-१४९ ही तिच्या नंतरची. कॉलेजच्या संदर्भसूचीत जी आवृत्ती छापलीय तीच हवी असा हट्ट नको. लॅबमध्ये कुठलं व्हर्जन बसवलंय ते लॅब असिस्टंटला विचारा, यादी करणाऱ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.