छोट्या जुन्या एअर पिस्तुलांची मापं जुळवताना या चुका टाळा

जुन्या एअर पिस्तुलांचे दोन शौकीन एकत्र आले की थोड्या वेळात "माझं तुझ्यापेक्षा लहान" हा वाद ठरलेला. नाशिकमध्ये तो जास्तच रंगतो. इथल्या बऱ्याच शौकिनांची हयात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गेलेली, त्यामुळे व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाचं कॅलिपर, प्रत्येकाच्या घरी. तरीही आकडे जुळत नाहीत. दोष सहसा व्हर्निअरचा नसतो. एकाने एक गोष्ट मोजलेली असते आणि दुसऱ्याने दुसरीच.

लांबी कशाची, हे न ठरवताच मोजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पिस्तूल इंग्रजी 'एल'सारखं असतं, त्यामुळे टेप आपोआप तिरकी लागते. समजा पिस्तूल २० सेंमी लांब आणि १२ सेंमी उंच आहे. नळीच्या तोंडापासून मुठीच्या खालच्या टोकापर्यंत टेप ओढली, तर आकडा २३ सेंमीच्या वर जाऊ शकतो. लांबी नळीला समांतर घ्यायची आणि उंची तिला काटकोनात. टेबलावर पिस्तूल आडवं ठेवा, दोन्ही टोकांना एकेक गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) टेकवा आणि गुण्यांमधलं अंतर मोजा. १५० मिमीच्या व्हर्निअरने अर्धं-अर्धं मोजून बेरीज करायचा उद्योग अजिबात नको.

दुसरी गोष्ट पिस्तुलाच्या अवस्थेची. इंग्लंडच्या हॅरिंग्टन कंपनीचं 'गॅट' घ्या. त्याची नळी आत ढकलून स्प्रिंग ताणायची असते आणि चाप ओढला की नळी झटकन पुढे येते. म्हणजे एकाच पिस्तुलाच्या दोन लांब्या. एकाने नळी आत असताना मोजलं आणि दुसऱ्याने बाहेर असताना, तर दोघंही खरंच बोलत असतात. माप नेहमी स्प्रिंग सैल असताना घ्यावं. फक्त मापासाठी स्प्रिंग ताणून ठेवू नये आणि छर्रा न भरता चापही ओढू नये. छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवा दाबणारा पिस्टन जोरात जाऊन आदळतो, आणि जुन्या पिस्तुलाचे सुटे भाग मिळवायला किती वणवण होते ते शौकिनांना सांगायला नको. आणि माप घेण्याआधी नळी रिकामी आहे ना, हे बघायचंच. ऐंशी वर्षांचं पिस्तूलही डोळा फोडू शकतं.

नुसत्या लांबीवरून 'छोटं' ठरवणं

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने १९२४ मध्ये एअर पिस्तूल बाजारात आणलं, त्यात नळी सिलिंडरच्या (पिस्टन ज्यात धावतो त्या नळकांड्याच्या) पुढे न ठेवता वर बसवली. बिजागरी पुढच्या टोकाला. नळी उचलली की पिस्टन पुढे ओढला जातो आणि चाप ओढल्यावर तो मागे, नेमबाजाच्या दिशेने धावतो. त्यामुळे नळी जवळजवळ पिस्तुलाएवढीच लांब ठेवता येते. नळी बिजागरीवर वाकवून स्प्रिंग ताणायच्या साध्या पिस्तुलात नळी आणि सिलिंडर एकापुढे एक असतात, म्हणून तेवढ्याच नळीसाठी अंग बरंच लांब होतं. या दोन जातींची एकूण लांबी शेजारी मांडून 'कोण लहान' विचारणं मला पटत नाही. नळीची लांबी, एकूण लांबी, उंची, जाडी आणि वजन हे पाचही आकडे घ्या. जाडीत मुठीच्या पट्ट्या धरल्या की नाही तेही लिहा. कुणीतरी कधीतरी सुताराकडून लाकडी पट्ट्या करून घेतलेल्या असतात, त्या मूळच्यापेक्षा जाड निघतात.

फोटोत रुपयाचं नाणं ठेवणं

आवडती सवय, आणि पक्की फसवी. १९९२ मध्ये आलेलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं २५ मिमी व्यासाचं आहे, २०११ मध्ये आलेलं २१.९३ मिमीचं. फोटोत ठेवलंय २०११ चं नाणं, बघणारा मोजतोय १९९२ चं समजून, मग २० सेंमीचं पिस्तूल पावणेतेवीस सेंमीचं होतं. जवळच अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था असलेल्या नाशिककरांनी तरी ही चूक करू नये! एटीएम कार्ड वापरा, ते ८५.६ × ५३.९८ मिमीचंच असतं. ते पालथं ठेवा आणि नंबर कुठल्याही बाजूने दिसत नाही ना ते बघा. खरं तर स्टीलची पट्टीच सगळ्यात बरी.

पट्टी ठेवूनही मोबाइल दगा देतो. मोबाइल टेबलापासून ३० सेंमीवर असेल, पट्टी टेबलावर आणि पिस्तुलाची वरची बाजू ३ सेंमी उंच, तर पिस्तूल पट्टीच्या हिशेबात सुमारे ११ टक्के मोठं दिसतं. मोबाइल मीटरभर वर धरून झूम केलं की फरक ३ टक्क्यांवर येतो. पट्टीखाली पुस्तक ठेवून ती पिस्तुलाच्या उंचीला आणली की जवळपास संपतोच.

इंच वाचताना घाई

जुन्या कॅटलॉगमध्ये ७¾ असं छापलेलं असतं. घाईत कुणी ७.३४ लिहितं, कुणी ७.३. खरा आकडा ७.७५ इंच, म्हणजे १९६.८५ मिमी. ७.३ धरलं तर ते १८५ मिमी होतं, आणि कुणीतरी आनंदाने 'दुर्मीळ छोटी आवृत्ती' सापडल्याचं जाहीर करतं.

आकडा तरीही कॅटलॉगशी जुळत नसेल तर

आधी व्हर्निअर बंद करून शून्य बघा. मग मागचा एखादा स्क्रू किंवा साइट (नेम धरायची खाच) बाहेर येते आहे का ते पाहा, कारण छापील लांबीत ते कदाचित धरलेलं नसेल. त्यानंतर नळीचं तोंड भिंगातून तपासा. कापलेल्या नळीची कड खरखरीत असते आणि तिथला रंग बाकी नळीपेक्षा वेगळा दिसतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा देवळालीच्या जुन्या सामानात असं काही हाती लागलं, तर विक्रेता त्यालाच 'बेबी साइज' म्हणेल. हसून सोडून द्या. आणि व्हर्निअरचे जबडे जुन्या काळ्या-निळ्या झिलईवर घासू नका, मध्ये कागद धरा.

बोअर अंदाजाने सांगणं

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. इथे चूक महागात पडते. नळीच्या तोंडाशी आतली कड उतरवलेली असते, त्यामुळे तिथे व्हर्निअर खुपसून घेतलेला आकडा मोठा येतो. नळीवर ठसा आहे का ते पाहा. नसेल तर मागच्या बाजूने ४.५ मिमीचा छर्रा ठेवून बघा. तो ५.५ मिमीच्या नळीतून सरळ घरंगळत जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठ्या बोअरच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. छोटं दिसतं म्हणून सूट मिळत नाही. वेब्लीचं 'सीनियर' ४.५ आणि ५.५ अशा दोन्ही बोअरमध्ये निघालं होतं. त्यामुळे ते विकत घ्यायला निघालात, तर छर्ऱ्याची डबी बरोबर घेऊन जा.