ई-पेपरचा घरगुती कॉम्प्युटर बनवताय? या चुका टाळा

मे महिन्यात भर दुपारी केळीच्या बागेत मोबाइलवर हाताची सावली धरावी लागते. ई-पेपर, म्हणजे किंडलसारख्या वाचनयंत्रात असतो तो कागदासारखा पडदा, मात्र उन्हात अधिकच स्पष्ट दिसतो. म्हणून जळगाव-भुसावळकडच्या माणसानं नोंदी लिहायला असा पडदा जोडलेला छोटा कॉम्प्युटर घरी जरूर करून बघावा.

पहिली चूक खरेदीतच होते. काळ्या-पांढऱ्यासोबत लाल रंगही दाखवणारा पॅनल (पडदा) घेऊ नका. त्याला चित्र बदलायला पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात, त्यावर टायपिंग कसं होणार? साधा काळा-पांढरा, पार्शल रिफ्रेशची, म्हणजे पडद्याचा थोडाच भाग बदलण्याची सोय असलेला घ्या. त्यात टाइप केलेली ओळ तेवढीच चटकन बदलते.

पण नुसतं पार्शलच मारत राहिलं की जुनी अक्षरं राखाडी होऊन मागे राहतात. पाण्याच्या पाळीची नोंद पुसल्यावरही माझ्या स्क्रीनवर ‘मोटर’ हा शब्द दिसत होता. पॅनल ठीक होता. आतले काळे-पांढरे कण विजेच्या दाबानं वरखाली होतात, त्यातले काही अर्ध्यातच राहतात. पाच-दहा पार्शलनंतर एक पूर्ण रिफ्रेश द्या. आणि काम झालं की पॅनलला स्लीपची कमांड द्यायला विसरू नका. जास्तीचा व्होल्टेज तसाच राहिला तर पॅनल कायमचा बिघडतो.

मराठीचं दुखणं वेगळं. ‘किती’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते, ती अक्षराच्या आधी दाखवायचं काम हार्फबझसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) करते. छोट्या मायक्रोकंट्रोलरच्या नेहमीच्या ग्राफिक्स लायब्ररीत ते नसतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पिलो ही पायथनची चित्रांची लायब्ररी वापरत असाल तर तिच्यात राक्म, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारा भाग, सुरू आहे का, हे आधी तपासा. आपल्या भाषेत लिहिता येत नसेल तर एवढी मेहनत कशासाठी?

वायफाय लागताच ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) रीसेट होतो? लगेच सेलला दोष देऊ नका. लिथियम सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो, एरवी ३.७च्या आसपास. स्वस्त बोर्डांवरच्या एएमएस१११७ या रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) मात्र ३.३ व्होल्ट द्यायला आत साधारण साडेचार लागतात, म्हणून दाब कमी पडतो. तिथे कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आतला दाब थोडाच जास्त असला तरी चालणारा रेग्युलेटर बसवा.

उन्हाळ्याचं आधीच ठरवा. बहुतेक पॅनल ५० अंशांपर्यंतच चालतात, आणि लिथियम सेल ४५च्या वर चार्ज करू नये. भुसावळला मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५च्या आसपास पोचतो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. चार्जिंग रात्री करा, डबा फिकट रंगाचा घ्या, नोंद झाली की पॅनल पिशवीत ठेवा.

डबा बंद करताना शेवटचं एक बघा: पॅनलची केशरी पट्टी (जोडणीची लवचीक वायर) काचेला जिथे चिकटलेली असते, तिथे ती दुमडता कामा नये. माझा पहिला पॅनल तिथेच गेला. आता मी पट्टीसाठी बोटभर जागा सोडतो आणि मगच स्क्रू आवळतो.