मालदीवला गरवायला जाताय? या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या खडकांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलं की दिवेलागणीच्या सुमारास कुणीतरी मोबाइल काढतो आणि मालदीवचा तोच व्हिडिओ पुन्हा फिरतो. निळं पाणी, त्यावर शिंतोडे उडवत येणारा पॉपर, म्हणजे खोटं आमिष, आणि खालून उसळून तो गिळणारा जायंट ट्रेव्हली, म्हणजे जीटी. आपल्या कोकर माशाच्याच कुळातला, पण 50 किलोंच्याही पुढे वाढणारा. आम्ही चौघांनी सहा वर्षं पैसे बाजूला टाकले आणि मग गेलो. लामू अटॉल हा तिथला एक बेटसमूह, तिथे पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत चार मासे लागले आणि चारही गेले. रॉड कुठला, रील कुठलं, यावर आम्ही वर्षभर डोकं लावलं होतं. गाठ, पाणी आणि अंग यांना मात्र एक आठवडाही दिला नव्हता. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

सुट्टी बघून तारीख धरणं

मुलांच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी, म्हणून मे महिना, असं करू नका. मालदीवचे दोनच मोसम: ईशान्येच्या वाऱ्याचा इरुवई आणि नैऋत्येचा हुळंगू. जानेवारी ते एप्रिल समुद्र बराचसा शांत असतो. मेपासून वारा फिरतो, लाटा वाढतात आणि बोट प्रवाळाच्या बाहेरच्या कडेला नेता येत नाही. जीटी नेमका त्याच कडेला असतो. आम्ही मार्चमध्ये गेलो, तेवढं एक बरोबर केलं.

भरतीच्या तक्त्यावर विसंबणं

कोकणातल्या माणसाची ही हमखास होणारी चूक. मुंबईत उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते. मालदीवमध्ये भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. तक्ता पाहून आम्ही म्हटलं, पाणी मेलेलं असणार, कुठेही टाका.

पण तिथलं पाणी उंचीत नाही, वेगात दिसतं. अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं. आतलं उथळ पाणी आणि बाहेरचा खोल समुद्र यांच्यामध्ये ये-जा करायला त्या कड्यात खिंडी असतात. धिवेही भाषेत त्यांना कंडू म्हणतात. एवढ्या मोठ्या तळ्याचं पाणी त्या अरुंद खिंडीतून आत-बाहेर होतं, त्यामुळे मीटरभर फरकातसुद्धा ओढ अशी असते की थांबवलेली बोट बघता बघता लांब जाते. लहान मासे त्या ओढीत सापडतात आणि जीटी खिंडीच्या कोपऱ्यावर टपून असतो. इरुवईत मोठा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेला जातो, म्हणून पाणी पूर्वेच्या खिंडींतून आत शिरतं, हुळंगूत उलटं. तेव्हा बोट ठरवतानाच विचारा, ‘या महिन्यात कुठल्या बाजूला नेणार?’ ज्याला हे नीट सांगता येत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नका.

आमच्या बोटीच्या केयोळूने (तांडेलाला ते केयोळू म्हणतात, आपला ळ त्यांच्याकडेही आहे) पहिल्याच सकाळी हाताने एक रेघ दाखवली. अलीकडे पाणी गुळगुळीत आणि पलीकडे उकळल्यासारखं. ‘फक्त तिथे’, एवढंच तो म्हणाला. आम्ही चारही दिशांना टाकत राहिलो. दुपारपर्यंत हात भरून आले होते. मग त्याचं ऐकलं आणि तिसऱ्या फेकीला पहिला मासा लागला. अमावास्या-पौर्णिमेला ओढ आणखी वाढते, तेव्हा तारखा नक्की करण्याआधी त्यालाच विचारा.

मासा का गेला, हे न बघता पुन्हा टाकणं

मासा सुटला की माणूस घाईघाईने दुसरा पॉपर बांधतो. थांबा. आधी दोरीचं टोक बोटांत धरून बघा, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

टोक कुरळं होऊन आलं असेल, तर दोरी तुटलेली नाही, गाठ घसरली आहे. आमचे पहिले दोन असेच गेले. ब्रेडेड (विणलेली) दोरी आणि तिच्या टोकाचा जाड लीडर जोडायला एफजी गाठ मारतात. ती दोरीच्या एकावर एक येणाऱ्या वेढ्यांनी लीडरला आवळून धरते. एकही वेढा सैल राहिला तर ती सरकते. नीट ओढून बसवली की वेढ्यांचा रंग गडद होतो आणि नख फिरवलं तरी ते हलत नाहीत. घरात पंख्याखाली बसून मारलेली गाठ आणि हलत्या बोटीवर ओल्या हातांनी मारलेली गाठ यांत फार फरक आहे. निघण्याआधी महिनाभर रोज दोन गाठी मारा आणि पाय लावून ओढून बघा.

टोक पिंजलेलं, खरखरीत असेल तर दोरी प्रवाळावर घासून कापली गेली. म्हणजे ड्रॅग (दोरी किती ताणाला सुटेल हे ठरवणारा रीलचा ब्रेक) सैल होता आणि माशाला खाली जायला वाव मिळाला. आमचा तिसरा असा गेला. पीई 8 नंबरची (पीई हे ब्रेडेड दोरीच्या जाडीचं माप) दोरी साधारण 45 किलो ताण घेते आणि ड्रॅग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा असा ठोकताळा आहे. म्हणजे 15 किलोंपर्यंत. हे अंदाजाने होत नाही. गेटला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा, दोरी त्याला बांधा, रॉड सरळ त्या दिशेने धरून मागे सरका आणि दोरी सुटायला लागेल तेव्हा काट्यावरचा आकडा बघा. 10 किलोंपासून सुरुवात करा. 10 किलो म्हणजे 10 लिटर पाण्याची भरलेली बादली. ती हिसके देत तुम्हाला बोटीच्या कठड्याकडे खेचते आहे अशी कल्पना करा, मग आधी पाय आणि कंबर तयार करावीशी वाटेल.

गळ सरळ झाला असेल तर गळच हलका. पॉपरबरोबर आलेले तिहेरी गळ काढून जाड एकेरी गळ लावा, रिंगही बदला. आणि दोरी, गाठ, गळ सगळं जिथल्या तिथे, पण मासा नाही, तर पाणी उडालेलं बघून तुम्ही झटका दिलात. वजन हाताला लागेपर्यंत फिरवत राहायचं, झटका नंतर. चौथा माझा होता. तो असाच गेला.

सामान आणि कागद

हे थोडक्यात. पॉपिंगच्या रॉडचे दोन तुकडे झाले तरी लांब तुकडा पाच-सात फुटांचा असतो. राजधानी मालेपर्यंत तो येतो, पुढच्या छोट्या विमानात मावेलच असं नाही. आमची रॉडची नळी एक दिवस उशिरा आली. नळीची लांबी आधी लेखी कळवा आणि चार तुकड्यांचा एक रॉड बॅगेत असू द्या. गळ, पक्कड आणि सुरी चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या.

भारतीयांना व्हिसा पोहोचल्यावर मोफत मिळतो. इमुगा हा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधी 96 तासांच्या आत भरायचा. त्यालाही पैसे लागत नाहीत. पैसे मागणारी साइट सरकारची नाही. बोटीच्या भाड्यावर 17 टक्के कर आणि बहुतेक ठिकाणी 10 टक्के सर्व्हिस चार्ज धरला आहे का, ते विचारून घ्या. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे आणि शुक्रवारी बहुतेक सार्वजनिक फेरीबोटी बंद असतात.

दारू, डुकराचं मांस आणि स्पिअरगन नेता येत नाही. पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. होडीवर छोटा गणपती ठेवायची आपल्याकडे सवय आहे, तेव्हा देवाला घरीच हात जोडून निघा.

अंगाकडे दुर्लक्ष

लामू विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर आहे. मार्चमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, स्वतःची सावली पायाखाली जाते. आपण कोकणातले, आपल्याला उन्हाचं काय, असं वाटतं. पण तिथे खडकाची किंवा माडाची सावली नसते आणि पाण्यावरून परतणारं ऊन टोपीच्या खालून लागतं. आमच्यातल्या एकाच्या पावलांची वरची बाजू इतकी भाजली की त्याला चौथ्या दिवशी बूट घालता आला नाही. पातळ मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, मानेला कापड आणि हातमोजे हवेतच. तहान लागायची वाट न बघता ओआरएस घेत राहा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. दोघे जण एकाच बोटीवरून 150 ग्रॅमचे पॉपर फेकत असतात, तेव्हा गळ कुणाच्याही खांद्यात शिरू शकतो.

मासा हातात आल्यावर

जीटी सोडून द्यायचा, हे बोटीवर चढण्याआधीच मनाशी ठरवा. पोट धरून आडवा उचला, कल्ल्यांत बोटं घालू नका, एक फोटो काढा आणि सोडा. मोठ्या प्रवाळी माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही, म्हणून खाण्याचा मोहही नको. खायला तिथे कुपा आहे. गळाने एकेक उचललेल्या कुप्याची मासहुनी, खोबरं-कांदा-लिंबू घालून, सकाळी रोशीबरोबर (तिथली चपाती) मिळते. घरच्यासारखी लागते.

शार्क धरायला 2010 मध्ये बंदी आली. लागलाच तर दोरी शक्य तितकी गळाजवळ कापा. आणि तुमच्या जीटीमागे शार्क लागला तर ड्रॅग सैल करू नका, मासा जितका लवकर बोटीशी येईल तितका तो वाचण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या दिवशी आमचा पहिला मासा वर आला तेव्हा मागे दोन शार्क होते. केयोळूने तो वर घेतला, गळ काढला, बोट शंभरेक मीटर पुढे नेली आणि मगच पाण्यात सोडला.

संध्याकाळी रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत शिरतं. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा, पुसून झाल्यावर सैल करा आणि सकाळी काट्यावर पुन्हा लावा.