वळणावर ऑइल प्रेशर पडतंय? रेस इंजिनाची ऑइल सिस्टिम अशी सुधारा

एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटरचं काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटर हवा ओढायला लागते, आवाज बदलतो, पाइपातून पाणी गुळण्या टाकल्यासारखं येतं. कुणी पळत जाऊन स्टार्टर बंद केला तर मोटर वाचते. रेसच्या इंजिनात नेमकं हेच घडतं. फरक इतकाच की ते एका वळणाच्या दोन सेकंदांत घडतं आणि बंद करायला कुणी पळत येत नाही.

माझं पहिलं इंजिन असंच गेलं. मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, शहराबाहेरच्या मैदानावर ऑटोक्रॉससाठी (मातीच्या ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीसाठी) बांधलेलं. सगळे पैसे कॅम आणि हेडवर, म्हणजे ताकद वाढवणाऱ्या वरच्या भागांवर घातले. ऑइलच्या बाबतीत काय केलं, तर महागाचा डबा आणला. एका लांब डाव्या वळणावर प्रेशरचा काटा ६० पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) शून्याकडे पडायचा आणि गाडी सरळ झाली की परत वर यायचा. मला वाटलं मीटर खराब आहे. तिसऱ्या फेरीला खालून ठोका सुरू झाला. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उघडलं तर तीन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवर फिरलेलं, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) निळी पडलेली. मग शहाणपणा म्हणून पंपाच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवलं. दुसरं इंजिन त्याच वळणावर गेलं. मोटर मोठी बसवून विहिरीला पाणी येत नाही, हे कळायला मला दोन क्रँक लागल्या.

म्हणून या लेखात पंप मागे आणि चेंबर पुढे. मी जे सांगतोय ते साध्या चार सिलेंडरच्या, चेंबरमध्येच ऑइल साठवणाऱ्या इंजिनाबद्दल आहे, जे साधारण ७,०००-७,५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) पळवायचं आहे.

आधी नियमपुस्तक, मग मीटर

तुमच्या स्पर्धेच्या वर्गात चेंबर बदलायला परवानगी आहे का, ते आधी बघा. भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय या संघटनेकडे आहे आणि काही वर्गांत मूळ चेंबर तसंच ठेवावं लागतं. काम करून झाल्यावर स्क्रूटिनीला (स्पर्धेआधीच्या तपासणीत) गाडी बाहेर काढली तर कुणाला दोष देणार?

दुसरं, खरं मीटर बसवा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा फार कमी प्रेशरला लागतो, तो आयडलिंगपुरता. ७,००० आरपीएमला तो लागला तर ती बातमी नाही, मृत्यूचा दाखला आहे. प्रेशरचा सेन्सर फिल्टरनंतर, मेन गॅलरीवर (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर) घ्या, आणि सोबत २५-३० पीएसआयला पेटणारा मोठा दिवा थेट ड्रायव्हरच्या नजरेसमोर. वळणात काट्याकडे बघायला सवड नसते. तापमानाचा सेन्सर चेंबरमध्ये. हे दोन सेन्सर बसवून गाडी नुसती एक दिवस चालवा आणि कुठल्या वळणावर प्रेशर पडतं ते वहीत लिहा. डावं की उजवं, की ब्रेक लावताना? पुढचं सगळं काम या वहीवर अवलंबून आहे.

चेंबर: इथे वेळ घाला

परातीत पाणी घेऊन परात जोरात बाजूला ओढली की पाणी एका काठावर चढतं. गाडी वळणात ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट बाजूचा जोर) ओढत असेल तर ऑइलचा पृष्ठभाग सुमारे ३९ अंशांनी तिरका होतो. १ जी असेल तर बरोबर ४५. चेंबर २५ सेंटिमीटर रुंद धरलं तर ०.८ जीला एका काठाची आणि दुसऱ्या काठाची पातळी २० सेंटिमीटरनं वेगळी व्हायला हवी. एवढं खोल चेंबर नसतंच. म्हणजे सगळं ऑइल एका भिंतीवर आणि सक्शनची जाळी, जिच्यातून पंप ऑइल ओढतो, ती कोरडी. त्यात या आकाराच्या इंजिनाचा पंप वरच्या आरपीएमला मिनिटाला ३० लिटरच्या पुढे ऑइल ओढतो, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. चेंबरमध्ये आहे किती? साडेतीन लिटरच्या आसपास, आणि त्यातलंही बरंचसं हेडमध्ये आणि क्रँकभोवती उडत असतं.

उपाय म्हणजे जाळीभोवती एक खोली बांधायची, जिची दारं फक्त आत उघडतात. ऑइल आत येतं, बाहेर पळायला गेलं की दार मिटतं.

१.२ ते १.६ मिमी पत्र्याचे चार तुकडे कापा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत लेझर कटिंगवाले ड्रॉइंग दिलं की तासाभरात कापून देतात. (१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्यामागे एवढी छोटी वर्कशॉप उभी राहिली, त्याचा हा फायदा. लातूर-नांदेडवाल्यांना हातकात्रीनं करावं लागेल, तेही चालतं.) जाळीच्या चारही बाजूंनी चौकोन उभा करा. प्रत्येक भिंतीला तळाशी साधारण ४० बाय २५ मिमीची खिडकी ठेवा आणि तिच्यावर बिजागरीनं लटकणारं छोटं दार आतल्या बाजूनं लावा. दार नुसत्या फुंकरीनं हलायला हवं. अडकत असेल तर चेंबर बंद करू नका, कारण मिटून अडकलेलं दार म्हणजे दार नसण्यापेक्षाही वाईट. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना वेल्डचा ठिपका देऊन पक्की करा. सुटलेली पिन सरळ जाळीकडे जाते.

चौकोनावर झाकण हवं, नाहीतर ऑइल भिंतीवरून उडी मारतं. झाकणाला वरून येणारं ऑइल उतरायला भोकं ठेवा आणि डिपस्टिकची वाट मोकळी आहे ना, बघा. हे मी एकदा विसरलो होतो.

वेल्डिंग करताना चेंबर एखाद्या भंगारातल्या ब्लॉकला किंवा जाड प्लेटला बोल्टनं आवळून ठेवा, नाहीतर कड वाकते आणि मग कितीही पॅकिंग लावा, गळतच राहतं. वेल्ड झाल्यावर गळती तपासायला पूर्वी रॉकेल भरून रात्रभर ठेवायचो. आता रॉकेल मिळत नाही, डिझेल चालतं. बाहेरून खडू फासून ठेवला की सकाळी ओला डाग लगेच दिसतो.

आता जाळी. तळापासून ती ८ ते १० मिमीवर असावी. फार वर असली तर लवकर उघडी पडते, फार खाली असली तर ओढायलाच जागा उरत नाही. मोजायला सोपी युक्ती: मुलांची खेळायची क्ले जाळीखाली ठेवा, पॅकिंगसकट चेंबर आवळा, उघडा, आणि दबलेल्या क्लेची जाडी व्हर्नियरनं मोजा. सक्शन पाइपच्या जोडाची ओ-रिंग नवी घाला. विहिरीच्या सक्शन पाइपाचं पॅकिंग गेलं की पाणी असूनही मोटर हवा घेते, तसंच इथे. लांब पाइप वरच्या आरपीएमच्या कंपनानं तडकतो, म्हणून त्याला मेन कॅपच्या (क्रँक धरणाऱ्या कॅपच्या) बोल्टपासून एक पट्टीचा आधार द्या.

"ऑइलच लिटरभर जास्त टाकलं तर?" हा प्रश्न मला प्रत्येक पोरगा विचारतो. पातळी क्रँकपर्यंत पोचली की क्रँक ते घुसळते. रवीनं ताक घुसळावं तसा फेस होतो, आणि पंप फेस ओढतो. पाव-अर्धा लिटर जास्त चालेल, तेही ट्रे बसवल्यावर.

क्रँकखालचा ट्रे

माझ्या एस्टीमच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७५.५ मिमी. ७,५०० आरपीएमला क्रँकपिन, म्हणजे रॉड जिथे क्रँकला जोडला जातो तो भाग, तासाला सुमारे १०७ किलोमीटर वेगानं गोल फिरतो. त्या वावटळीत चेंबरमधलं ऑइल वर ओढलं जातं. मध्ये जाळीदार किंवा फटी पाडलेल्या पत्र्याचा ट्रे घातला की ऑइल खाली उतरतं, वर येत नाही. रॉडच्या बोल्टपासून ट्रेपर्यंत किमान ६ मिमी अंतर ठेवा आणि इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. इथेही क्ले.

हेडमधून ऑइल खाली येण्याची भोकं ओतीव धातूच्या कंगोऱ्यांनी अरुंद झालेली असतात. गोल कानशीनं तेवढे कंगोरे काढा. इतकंच. हेडला जाणारं ऑइल कमी करायला रिस्ट्रिक्टर बसवण्याची फॅशन आहे. हायड्रॉलिक टॅपेटच्या, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटच्या इंजिनात त्या नादाला लागू नका.

बेअरिंगची फट, मग पंप

जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट, हा जुना हिशेब. ४५ मिमी जर्नलला ०.०४५ मिमी. रेससाठी मी त्याहून किंचित सैल, ०.०५ ते ०.०५५ ठेवतो. प्लॅस्टिगेजनं (फट मोजायची दबणारी प्लॅस्टिकची तार) प्रत्येक जर्नल मोजा, एकाचा आकडा सगळ्यांना लावू नका. फट वाढली की ऑइल जास्त वाहतं, म्हणजे पंपावर बोजा.

प्रेशर किती हवं? दर हजार आरपीएमला १० पीएसआय असं सगळे म्हणतात, आणि अंदाज म्हणून ते बरं आहे. त्यामागचं एक कारण फार कमी लोक सांगतात. मेन जर्नलच्या बाहेरून ऑइल क्रँकच्या आत शिरतं, तेव्हा फिरणारी क्रँक त्याला बाहेर फेकत असते. भोक मध्यापर्यंत जात असेल तर ४५ मिमी जर्नलला ७,५०० आरपीएमवर नुसतं आत शिरायलाच जवळपास १९ पीएसआय खर्च होतात. हा खर्च आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ९,००० ला तो २७-२८ वर जातो. म्हणून स्टॉक इंजिनाला पुरणारं प्रेशर इथे पुरत नाही. पण ७०-७५ वरून १०० करून काही मिळत नाही. पंप फिरवायला ताकद जाते आणि ऑइल तापतं.

पंपाचं झाकण उघडून रोटरवर सरळ पट्टी ठेवा, फिलर गेजनं फट मोजा. ०.१५ मिमीच्या वर असेल तर पंप बदला. झाकणावर रोटरनं चरे पाडले असतील तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करा. जादा प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर बोटानं ढकलून विनाअडथळा सरकतो का बघा. स्प्रिंगखाली शिम (पातळ वॉशर) घालायचीच असेल तर १ मिमीपासून सुरू करा आणि प्लंजर पूर्ण मागे गेल्यावर बायपासचं भोक उघडतं याची खात्री करा. ते अर्धवट झाकलेलं राहिलं तर थंड इंजिन सुरू करताना फिल्टर फुटतो.

गॅलरीचे ठोकलेले प्लग काढून तिथे आटे पाडा आणि स्क्रूचे प्लग लावा. मगच लांब ब्रशनं साबणाच्या गरम पाण्यात गॅलरी घासता येते. आधी घासून नंतर आटे पाडणारे लोक मी पाहिलेत. लेथवरचा एक बारीक कीस बेअरिंग खायला पुरतो.

उन्हाळा आणि कूलर

आपल्याकडे मेमध्ये सावलीत ४२-४३ अंश असतं. ऑइल ९० ते ११५ अंशांत ठेवायचं, १३० च्या पुढे गेलं तर कूलर हवाच. थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट (फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारी) घ्या, नाहीतर डिसेंबरच्या सकाळी ऑइल तापतच नाही. होज आतून १२-१४ मिमीची, म्हणजे एएन-१० मापाची. बारीक होज लावून प्रेशर घालवणं हा स्वस्तातला महाग धंदा. कूलरपुढे जाळी लावा. काळ्या मातीची धूळ आणि ऑइलचा घाम मिळून जो लेप बसतो तो पाण्यानं निघत नाही.

ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पाइप उघडा सोडू नका. एफआयए या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीत २,००० सीसीपर्यंतच्या गाडीला २ लिटरची कॅच टँक (उडालेलं ऑइल धरणारी टाकी) सांगितली आहे. ती बसवलीच पाहिजे, कारण उडालेलं ऑइल मागच्या चाकाखाली येतं, तुमच्या किंवा मागच्याच्या.

एवढं करूनही लांब वळणावर काटा पडत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर बघा. हवेच्या दाबाखाली दोनेक लिटर ऑइल धरणारी नळी असते. प्रेशर पडलं की ती आपलं ऑइल गॅलरीत सोडते. शेतावरच्या टाकीसारखं, वीज गेली तरी थोडा वेळ नळ चालतो. ड्राय संप त्याहून उत्तम, पण बाहेरचा पंप, वेगळी उंच टाकी, होज, पट्टा हे सगळं धरलं तर खर्च इंजिनापेक्षा जास्त होतो. स्थानिक ऑटोक्रॉससाठी मी तो कुणाला करायला सांगत नाही.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला टीमसाठी एक सूचना. तुम्ही बाइकचं इंजिन चारचाकीत बसवता. बाइक वळणात झुकते, म्हणून ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. तुमची गाडी झुकत नाही. त्यामुळे वरचं सगळं तुम्हाला दुप्पट लागू. आणि ओल्या क्लचला (ऑइलमध्येच फिरणाऱ्या) जासो एमए या बाइकच्या ऑइलच्या दर्जाचंच ऑइल घाला, कारचं नको.

पहिल्यांदा सुरू करताना

पंपाच्या रोटरमध्ये पेट्रोलियम जेली भरा, म्हणजे तो कोरडा फिरत नाही आणि लगेच ओढायला लागतो. फिल्टर ऑइलनं भरून लावा. स्पार्क प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा आणि मीटरवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. मगच प्लग लावा. २०-२५ मिनिटं चालवल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

काढलेला फिल्टर टाकू नका. हॅकसॉनं कापलात तर त्याचाच कीस आत पडतो, म्हणून फिल्टर कटर किंवा टिन कापायचं साधन वापरा. कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात बघा. चुंबकाला चिकटणारी चमक म्हणजे लोखंड. नव्या रिंगांचं थोडं असतं. न चिकटणारी चंदेरी चमक म्हणजे बेअरिंग किंवा पिस्टन, चिमटीत येईल इतकी असेल तर चेंबर परत खोला. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर तीन थरांच्या बेअरिंगचा वरचा थर गेलेला आहे. गाडी ट्रेलरवर चढवली असेल तरी उतरवा.