ग्रॅव्हल सायकल पांदणीत नेऊन पारखा
ग्रॅव्हल सायकल म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, रुंद टायरची, कच्च्या रस्त्यांवरही चालणारी सायकल. ती नुसती दुकानासमोरच्या डांबरावर चालवून विकत घेऊ नका, पांदण रस्त्यावर न्या. आपल्याकडची काळी माती पावसात टायरला अशी लपेटते की चाक फिरेनासं होतं. म्हणून मागच्या चाकापाशी वाकून बघा: टायर आणि फ्रेममध्ये करंगळी सहज जाते का? टायर निदान 40 मिलिमीटरचा हवा. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर चालेल अशी रिम आणि आत सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव, यावर मी तरी तडजोड करणार नाही. हवा थोडी कमी करून खडीवरून चालवा, मग पुन्हा भरून डांबरी रस्त्यावर. हँडलचा खालचा वळसा धरून ब्रेक दाबा, बोटं ताणावी लागत असतील तर ब्रेकचा दांडा तुमच्या हाताला लांब पडतोय. शेवटी सगळ्यात हलक्या गिअरवर बैलगाडीच्या चाकोरीतून एक चढ चढा.