ब्रिस्टलच्या जुन्या सिमेट्रीत व्हॉलंटियरिंग: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मास्टर्सला ब्रिस्टलला आले तेव्हा आर्नोस व्हेल सिमेट्रीबद्दल (म्हणजे दफनभूमीबद्दल) एवढंच माहीत होतं की राजा राममोहन रॉय यांची समाधी तिथे आहे. ते १८३३ मध्ये इथेच स्टेपलटनला वारले, १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी त्यांचे अवशेष इकडे हलवून वर छत्री बांधली. तीच बघायला गेले, तर उतारावर काही लोक गुडघे टेकून काटेरी झुडपं कापत होते. विचारपूस केली, आणि पुढचं वर्षभर माझे शनिवार तिथेच गेले.

सिमेट्री १८३९ ची, साधारण ४५ एकर. मधे ती बंदच पडायची वेळ आली होती, गावातल्या लोकांनी लढून वाचवली आणि २००३ मध्ये कौन्सिलने ताब्यात घेतली. म्हणून तिथे जुन्या लोकांचा जीव फार आहे, त्यांचं ऐका.

नवीन माणूस आला की त्याला लगेच थडग्यावरचा दगड घासून चकाचक करायचा असतो. प्लीज करू नका. तारेचा ब्रश, ब्लीच, अ‍ॅसिड यांनी दगडाचा वरचा थरच जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरं पण. साधं पाणी, मऊ ब्रश, तेही विचारूनच. आयव्हीची वेल ओढायची नाही, बुंध्याशी कापून वाळू द्यायची, कारण तिची मुळं फटीत शिरलेली असतात, ओढली की दगडाचा तुकडा हातात येतो. दगडफूल (हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच भावंडं) तसंच राहू द्यायचं. आणि हलणाऱ्या दगडाला टेकायचं नाही, ते शेकडो किलोचे असतात.

मला खरी गोडी लागली ती रिसर्चची, म्हणजे दगडांवरच्या माणसांची माहिती शोधण्याची. डिसेंबरची संध्याकाळ, एका दगडावर काहीच वाचता येईना, फोटोत नुसता सपाट करडा रंग. सोबतच्या आजींनी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला आणि सावलीतून अक्षरं वर आली: नवऱ्याचं नाव, व्यवसाय, खाली ‘वरील व्यक्तीची पत्नी’, वय ३४, आणि त्याखाली एक बाळ, आठ महिन्यांचं. बाईचं फक्त पहिलं नाव. माहेरचं आडनाव कुठेच नाही, आणि ते मला फार लागलं.

मग शोधलं कसं? इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे आणि जन्माच्या सरकारी ऑनलाइन इंडेक्समध्ये (यादीत) आईचं माहेरचं आडनाव दिसतं, नुसतं शोधायला पैसे पडत नाहीत. म्हणजे बाळावरून आईकडे जायचं. घरात कोण कोण होतं ते दर दहा वर्षांच्या जनगणनेत सापडतं, १८४१ पासून पुढे नावं आहेत. एकाच नावाचे चार लोक निघतात, म्हणून वय, पत्ता, व्यवसाय यातलं किमान दोन जुळल्याशिवाय थडग्याच्या नोंदीच्या फॉर्मवर लिहू नका, आणि माहिती कुठून घेतली ते तिथल्या तिथे टिपून ठेवा. आर्काइव्हजमधल्या (जुनी कागदपत्रं जपतात तिथल्या) नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला यावरच सगळ्यात जास्त विचारलं.

जायचंच तर ऑक्टोबरनंतर जा. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात, झुडपांना हात लावत नाहीत. जाड ग्लोव्हज, पूर्ण पँट, टॉर्च न्या. आणि मेरी कार्पेंटर पण तिथेच आहेत, मुलींच्या शिक्षणासाठी चार वेळा भारतात आलेल्या, त्यांनाही भेटून या.

त्या बाईचं माहेरचं आडनाव तिसऱ्या शनिवारी सापडलं. फॉर्मवर तो रकाना नव्हता, मी समासात लिहिलं.