पाळकसाहेब इलेक्शनला उभे राहणार म्हणे! मग मंडळीने नक्की काय करायचं?

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं ते उपासना संपल्यावर दाराशी, आणि पुढच्या रविवारपर्यंत बाकांवर बसायच्या जागा बदलल्या होत्या. साहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, स्वतः अजून एक शब्दही काढला नव्हता. त्या वर्षी मी कमिटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे फोन सगळे माझ्याकडे, आणि माझ्याकडे उत्तर काहीच नाही. तेव्हा जे शिकलो ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्यावर अशी वेळ आली तर चाचपडायला नको.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. साहेबांनी उभं राहावं की नाही, त्यांचा पक्ष चांगला की वाईट, हे ठरवणं मंडळीचं काम नाहीये. मंडळीचं काम एवढंच की जो सभासद साहेबांना मत देणार नाही त्यालाही रात्री दोन वाजता आई दवाखान्यात असताना साहेबांना फोन करायला संकोच वाटू नये. कुठलाही निर्णय घेताना आम्ही हाच प्रश्न विचारायला लागलो आणि निम्मे वाद तिथेच मिटले.

"कदाचित" चा काळ सगळ्यात वाईट

लोकांना वाटतं प्रचाराचे दिवस अवघड जातील. पण प्रचाराला निदान तारखा असतात, नियम असतात. "बघू", "अजून ठरलं नाही", "प्रार्थना करतोय" असं चालू असतं ना, त्या काळात मंडळी आतून पोखरते, कारण प्रत्येक संदेशात, म्हणजे उपासनेतल्या प्रवचनात, लोक राजकारण शोधायला लागतात. आमच्याकडे साहेबांनी न्यायावर संदेश दिला, जो ते दरवर्षी देतात, आणि संध्याकाळी ग्रुपवर पंचवीस मेसेज की हे प्रचाराचं भाषण होतं.

म्हणून कुजबुज कानावर आली की त्याच आठवड्यात दोन वडीलजनांनी, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनी, साहेबांना जाऊन भेटायचं. दोघंच, अख्खी कमिटी नको, आणि जाब विचारायच्या सुरात तर अजिबात नको. सरळ विचारायचं, "साहेब, असं असं ऐकतोय, मनात आहे का? असेल तर आम्हाला आधी सांगा, म्हणजे लोकांना आम्ही नीट उत्तर देऊ." आणि तिथेच एक तारीख ठरवून घ्यायची की या तारखेपर्यंत हो किंवा नाही. चार ते सहा आठवडे पुष्कळ झाले. आम्ही तारीख घेतली नाही आणि पाच महिने नुसते ताटकळत राहिलो, ती चूक तुम्ही करू नका.

त्याच भेटीत पाळकीणबाईंशी, म्हणजे साहेबांच्या पत्नीशीही, वेगळं बोला. आम्हाला हे फार उशिरा सुचलं. त्यांना शेजारीपाजारी रोज विचारत होते आणि त्या रोज हसून विषय बदलत होत्या, आणि संडे स्कूलमध्ये त्यांच्या मुलांना इतर मुलं जे बोलत होती ते आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आधी नियम बघा, मग मतं मांडा

कमिटीत पहिल्याच मीटिंगला सगळे तत्त्वावर भांडायला लागतात, पाळकाने राजकारणात जावं का नाही वगैरे. ते बाजूला ठेवा आणि आधी दोन गोष्टी तपासा, तुमच्या चर्चसंस्थेचा नियम आणि तुमच्या देशाचा कायदा. कधी कधी प्रश्न तिथेच संपतो.

कॅथलिक असाल तर 1983 च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या नियमसंहितेचं, 285 वं कलम स्पष्ट आहे, राज्यकारभाराची सत्ता वापरावी लागेल असं सार्वजनिक पद धर्मगुरूंनी घ्यायचं नाही. अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन नावाचे जेझुइट संघाचे फादर 1971 पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, होते, 1980 मध्ये रोमहून आदेश आला आणि ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पॅराग्वेचे फर्नांडो लुगो तर बिशप होते, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी धर्मसेवेतून मोकळं करा असं मागितलं, व्हॅटिकनने आधी नकार दिला, 2008 मध्ये ते निवडून आले आणि त्यानंतर जुलैमध्ये परवानगी मिळाली.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रत्येकाचं वेगळं. बॅप्टिस्टांसारख्या स्वतंत्र मंडळ्यांत बहुतेक वेळा निर्णय मंडळीचाच असतो, त्यामुळे तिथे दोन्ही टोकं बघायला मिळतात. अमेरिकेत अटलांटाच्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे राफाएल वॉर्नॉक जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सिनेटवर निवडून आले आणि पाळकपद सोडलं नाही. त्यांच्या कितीतरी आधी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे अ‍ॅडम क्लेटन पॉवेल ज्युनियर 1945 पासून काँग्रेसमध्ये होते आणि पुलपिट, म्हणजे प्रवचनपीठही, सांभाळत होते. उलट अमेरिकेतलेच बॅप्टिस्ट टीव्ही प्रवचनकार पॅट रॉबर्टसन यांनी 1988 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायच्या आधी, 1987 मध्येच, आपली पाळकपदाची दीक्षा परत केली. त्यामुळे "आजपर्यंत असं कुणी केलंच नाही" म्हणणारा चुकतो आणि "सगळे असंच करतात" म्हणणाराही चुकतो.

कायद्याचंही तसंच. मेक्सिकोच्या संविधानाच्या 130 व्या कलमाप्रमाणे धर्मसेवा सोडल्याशिवाय उभंच राहता येत नाही. ब्रिटनमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या आणि कॅथलिक धर्मगुरूंना खासदार होता येत नव्हतं, ती बंदी 2001 च्या कायद्याने गेली. अमेरिकेत टेनेसी राज्यात अशीच बंदी होती ती सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये एका बॅप्टिस्ट पाळकाच्या केसमध्ये रद्द केली, पण चर्चवर मात्र 1954 पासून वेगळं बंधन आहे, करसवलत घेणाऱ्या संस्थेने कुठल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचारात उतरायचं नाही. भारतात पाळक उमेदवार होऊ शकतो, पण धर्माच्या नावावर मत मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचार धरला जातो, आणि 1988 चा एक कायदा आहे धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्याचा, त्याप्रमाणे संस्थेची जागा किंवा पैसा राजकीय कामाला वापरता येत नाही. शिवाय आचारसंहितेत प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरायची नाहीत असं लिहिलेलंच आहे.

यातून एक गोष्ट कळते. बऱ्याच ठिकाणी माणूस म्हणून साहेबांना उभं राहता येतं, पण चर्च म्हणून आपल्याला त्यांच्या मागे उभं राहता येत नाही. हा फरक एका वकिलाकडून समजून घ्या, शक्यतो मंडळीबाहेरच्या, कारण मंडळीतला वकील कितीही सरळ असला तरी लोक म्हणणार तो साहेबांचा माणूस आहे.

कागदावर आणा, विश्वास असला तरी

साहेबांचं "हो" आलं की घोषणेच्या आधी एक लेखी करार करायचा. आमच्या कमिटीतल्या एका काकांनी तर दुखावून विचारलं, साहेबांवर विश्वास नाही का तुमचा? आहे ना, पूर्ण आहे, पण कागद साहेबांसाठीही आहे, उद्या कुणी आरोप केला तर दाखवायला तेच हातात असणार.

त्यात मुख्य मुद्दा रजेचा. माझं मत स्पष्ट आहे, अर्ज भरायच्या दिवसापासून निकालापर्यंत पूर्ण रजा, आणि त्या काळात पुलपिट नाही, प्रभुभोजन नाही, कमिटीच्या मीटिंगला अध्यक्षपद नाही. "रविवार तेवढा करतो" हे ऐकायला बरं वाटतं पण चालत नाही, कारण शनिवारी ज्या चौकात मत मागितलं त्याच चौकातली माणसं रविवारी समोर बसलेली असतात. पगार द्यायचा की बिनपगारी रजा, हे वकिलाला विचारूनच ठरवा, कारण पूर्ण वेळ प्रचार करणाऱ्या माणसाला चर्चच्या अर्पणातून पगार जात असेल तर चर्चच प्रचाराला पैसा देतंय असा अर्थ निघू शकतो. आम्ही साठलेली रजा आधी संपवली आणि मग बिनपगारी केली. पाळकगृहात कुटुंबाने राहायचं हे मात्र चालू ठेवलं, फक्त तिथे प्रचाराच्या मीटिंगा होणार नाहीत असं लिहून घेतलं.

चर्चचा फोन, गाडी, झेरॉक्स मशीन, माइक, हॉल, लेटरहेड, फेसबुक पेज, यातलं काहीही प्रचाराला नाही. गळ्यात पाळकाची कॉलर घातलेला किंवा पुलपिटवरचा फोटो पोस्टरवर नाही. खजिनदाराने प्रचाराचा हिशोब बघायचा नाही, तो चर्चचा खजिनदार आहे. कमिटीतल्या कुणाला प्रचारात काम करायचं असेल तर त्याने जरूर करावं, पण तेवढ्या दिवसांपुरतं कमिटीतून बाजूला व्हावं.

सभासदांची वही

हा मुद्दा वेगळा काढून लिहितोय कारण आमचं इथेच चुकलं.

आमच्याकडे सभासदांची छापील डिरेक्टरी आहे, कुटुंबाप्रमाणे नावं, पत्ते, नंबर, वाढदिवस. ती कुणी कुणाला दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कदाचित कुणी चांगल्या मनानेच दिली असेल, पण ती प्रचाराच्या पोरांच्या हातात गेली. एका मंगळवारी सकाळी मला एका आजींचा फोन आला. त्या विधवा आहेत, एकट्या राहतात, त्यांचा नंबर मंडळीबाहेर फारसा कुणाकडे नाही. म्हणाल्या, "बाळा, कुणीतरी मुलगा फोन करून माझं नाव घेऊन मत मागत होता. मी हा नंबर प्रार्थनेसाठी दिला होता रे." रागाने नाही म्हणाल्या, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

त्यामुळे घोषणेच्या आधीच डिरेक्टरीच्या प्रती मोजा, कुणाकडे किती आहेत ते लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद साहेबांकडे असेल तर ते दोन वडीलजनांकडे द्या, आणि प्रचाराच्या काळात "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील" हे सेटिंग चालू करा, लोक दोन दिवस कुरकुर करतील आणि मग शांत होतील. प्रार्थनाविनंत्यांची वही तर कुलपातच ठेवा, त्यात लोकांची आजारपणं आणि घरातली भांडणं लिहिलेली असतात.

मंडळीला सांगायचं कसं

साहेबांनी जगाला सांगायच्या आधी मंडळीला सांगायचं, आणि उपासनेत सांगायचं नाही. उपासना आशीर्वचनाने संपवा, ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या, दहा मिनिटं थांबा आणि मग सभासदांची सभा घ्या. आधी एका वडीलजनांनी बोलावं, साहेबांनी नंतर. आम्ही वाचून दाखवलेला मजकूर साधारण असा होता, हवा तर वापरा:

"आपल्या पाळकसाहेबांनी निवडणूक लढवायचं ठरवलं आहे. हा त्यांचा वैयक्तिक निर्णय आहे. मंडळी म्हणून आपण कुणालाही पाठिंबा देत नाही आणि कुणाला विरोधही करत नाही. आजपासून निकालापर्यंत ते रजेवर आहेत. या काळात आजारपण, मौत, लग्न, बाप्तिस्मा कशासाठीही या दोन नंबरांवर फोन करा. कुणी कुणाला मत द्यायचं हे या इमारतीत कुणीही विचारणार नाही."

शेवटचं वाक्य दोनदा वाचा. आमच्याकडे ते वाचल्यावर मागच्या बाकावरचे एक गृहस्थ, ज्यांचा भाऊ समोरच्या पक्षात होता, त्यांनी मान वर केली. तोपर्यंत ते सभेत खालीच बघत बसले होते.

सभेत प्रश्न येतील तेव्हा साहेबांच्या राजकीय मतांवरचे प्रश्न घेऊ नका, ते त्यांच्या प्रचारसभेत जाऊन विचारावेत. इथे फक्त मंडळीचं काम कसं चालेल त्यावर बोलायचं.

आणि साहेबांच्या जागी संदेश देणाऱ्या पाहुण्या पाळकांनाही आधीच सांगून ठेवा. एकांनी उत्साहाच्या भरात साहेबांच्या विजयासाठी जाहीर प्रार्थना केली आणि पुढचे तीन दिवस माझे लोकांची समजूत घालण्यात गेले. प्रार्थना करायची तर सगळ्या उमेदवारांसाठी करा, नावं न घेता.

मौतीचा प्रश्न मात्र करारात बसत नाही. प्रचार चालू असताना आमच्या एका जुन्या सभासदांचं निधन झालं आणि घरच्यांना साहेबच हवे होते. आम्ही हो म्हटलं, माझ्या मते ते बरोबरच होतं, फक्त साहेबांना सांगितलं की एकटे या, बिल्ला नाही, बरोबर कार्यकर्ते नाहीत, फोटो नाहीत. ते तसेच आले, मागच्या दाराने.

निकालानंतर

जिंकले तर काय, हे करारात आधीच हवं. पद पूर्ण वेळाचं असेल तर माझ्या मते राजीनामा, अर्धवेळचं असेल तर मंडळीने मतदान करून ठरवावं, आणि ते मतदान चिठ्ठ्यांवर घ्यावं, हात वर करून नको.

आमचे साहेब हरले. याची आम्ही काहीच तयारी केली नव्हती. हरलेला माणूस थकलेला असतो, दुखावलेला असतो, आणि त्याला साधारण माहीत असतं की मंडळीतल्या कुणी कुणी त्याला मत दिलं नाही. लगेच पुढच्या रविवारी त्याला पुलपिटवर उभं करू नका. निदान एक महिना सुट्टी द्या, एखाद्या बाहेरच्या ज्येष्ठ पाळकाशी त्याला मोकळं बोलू द्या, आणि मग परत आल्यावर संदेशाच्या आधी घरभेटी. भेटींची यादी कमिटीने करायची, साहेबांनी नाही, नाहीतर ते आपल्या माणसांकडेच आधी जाणार, माणूस आहे शेवटी.

आमच्या यादीत पहिलं नाव त्या आजींचं होतं. मी बरोबर गेलो होतो. साहेबांनी बसायच्या आधीच माफी मागितली, फोनबद्दल. आजींनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग आतून चष्मा आणला आणि आपल्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख सांगून त्यासाठी प्रार्थना करा म्हणाल्या. साहेबांनी खिशातून डायरी काढून ती तारीख लिहून घेतली.